गेजच्या नळीला पोट नसावं

माझ्या गाडीत मागच्या सीटा नाहीत. त्या काढून तिथं मी लाकडी फळ्या बसवून घेतल्या आहेत. फळ्यांवर मातीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, चाळण्या, एक तराजू आणि पीएच मीटरची पेटी असते. जालन्यात माझी माती-पाणी तपासायची लहानशी लॅब आहे. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकऱ्यांना माती तपासून हवी असते, आणि पेरणीच्या आत तिचा कागद हातात हवा असतो. म्हणून एप्रिल-मे हे दोन महिने मी लॅबमध्ये कमी आणि गाडीत जास्त असते. गाडी डिझेलची, पांढरी व्हॅन. चालवते मीच.

त्या उन्हाळ्यात राजूरच्या अलीकडच्या चढावर गाडीनं पहिल्यांदा मान टाकली. पाय पुरता दाबलेला, पण काटा पंचवीसच्या वर सरकेना. मागून आलेल्या एका ट्रॅक्टरनंसुद्धा मला ओलांडलं. समोर काट्यांच्या मधोमध एक पिवळं चित्र लागलं होतं: एक डबा आणि डब्यात ठिपके. मी तशीच रखडत राजूर गाठलं, देवळापाशी गाडी सावलीला लावली आणि केदारखेड्याच्या शेतकऱ्याला फोन करून सांगितलं की आज जमत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसानं स्टिअरिंगखाली वायर लावली, स्क्रीन पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, सायलेन्सरमधला फिल्टर भरलाय."

"कशानं?"

"काजळीनं. धुरातली काजळी ह्या फिल्टरमध्ये अडकते. भरत आला की गाडी स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडते, आत सहाशे डिग्री होतं आणि काजळी जळून जाते. तुम्हाला चालवताना कळतही नाही. पण त्याला वीस-पंचवीस मिनिटं सलग गाडी पळावी लागते. तुम्ही जवळजवळ फिरता का?"

मी जवळजवळच फिरते. गावातून शेत, शेतातून दुसरं शेत, मध्ये तासभर गाडी उभी. तेव्हा चूक माझीच, असं मी मानलं. पण त्या माणसाचं बोलणं ऐकून खरं सांगायचं तर चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत मी अडकले होते. लॅबमध्ये माझी एक भट्टी आहे. माती जाळून तिच्यातला सेंद्रिय भाग किती होता ते मोजायला ती लागते. ती साडेपाचशेपर्यंत जाते. तिला जाड विटांचं अस्तर आहे, आणि तिचं दार उघडताना मी कोपरापर्यंत हातमोजे घालते. त्याहून जास्त तापणारी भट्टी मी वर्षभर माझ्या पायांपासून दोन हातांवर घेऊन हिंडत होते, रेडिओ ऐकत, शेंगदाणे खात. आणि मला त्याचा गंधही नव्हता.

वर्कशॉपवाल्यांनी गाडी उभ्या उभ्या तापवून फिल्टर जाळून दिला. चार दिवस गाडी छान चालली. पाचव्या दिवशी पुन्हा ते चित्र. पुन्हा जाळला. ह्या खेपेला तीनच दिवस. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी सांगितलं की आता फिल्टर बदलावाच लागेल, आणि मागवायला पंधरा दिवस तरी लागतील. पंधरा दिवसांत माझा हंगाम संपला असता.

गाडी घेऊन मी घरी आले. चालवायची तर निदान तेल-पाणी तरी नीट असावं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. चांगलं बोटभर वर. मी तर घातलं नव्हतं. वर्कशॉपनंही नाही, मी फोन करून विचारलं. इंजिन ऑइल खातं हे मला माहीत होतं. ते वाढतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं.

माझे सासरे तेव्हा गेटजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत होते. त्यांना मी मामा म्हणते. त्यांच्याविषयी इथं थोडं सांगायला हवं. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ते नोकरीतच होते. घनसावंगीच्या बाजूला एका साखर कारखान्यात. आमच्या घरात त्यांच्या नोकरीचा उल्लेख 'ते फॅक्टरीत आहेत' एवढाच व्हायचा, आणि निवृत्त झाल्यावर 'ते फॅक्टरीत होते' एवढाच. ते बॉयलरवर होते हे मला माहीत होतं, पण बॉयलरवर माणूस करतो काय, हे मी कधी विचारलं नाही. भट्ट्यांच्या आवाजानं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे घरात त्यांच्याशी सगळे कामापुरतं आणि मोठ्यानं बोलतात. जेवण झालं का, गोळी घेतली का. मी शिकलेली, उपकरणं हाताळणारी. ते पेपर वाचणारे. आमचं एकमेकांत काही सामाईक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मामा," मी मोठ्यानं म्हटलं, "ऑइल वाढलंय."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "वाढलं?"

मी पट्टी दाखवली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, मग दोन बोटांत ऑइल चोळून पाहिलं. "पातळ झालं. ह्याच्यात डिझेल उतरून राह्यलं माय. असं चालवू नको, इंजन खाईल."

"डिझेल ऑइलमध्ये कुठून येईल?"

"मला काय माहीत तुझ्या गाडीचं? आग कुठं लावतेत ते सांग, मंग सांगतो."

मी त्यांना फिल्टरचं सांगितलं. काजळी, जास्तीचं डिझेल, सहाशे डिग्री. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे आग लावायला डिझेल जास्ती सोडतेत. समदं जळत न्हाई. थोडं सिलिंडरच्या भिंतीनं खाली ऑइलात जातं. एकदा लावली तर थोडं जाईल. हिला सारखी सारखी आग लावून राह्यले, म्हणून एवढं."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. वर्कशॉपमध्ये तीन फेऱ्या झाल्या, पण ऑइलचं कुणी पाहिलं नव्हतं. आणि मामांनी तर असला फिल्टर आयुष्यात बघितला नव्हता.

"फिल्टर भरलाय म्हणून गाडी सारखी आग लावतेय," मी म्हटलं.

"भरलाय असं कोन म्हनतं?"

"कॉम्प्युटर."

"त्याला कोन सांगतं?"

"सेन्सर आहे एक. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजतो. फरक जास्त आला म्हणजे फिल्टर भरला."

"सेन्सरला कोन सांगतं?"

"दोन नळ्या आहेत. रबराच्या."

"मंग नळ्यांला इचार ना आधी," मामा म्हणाले. "दाबाचा गेज बोलतो ते खरं का खोटं, हे बघितल्याबिगर आम्ही बॉयलरला हात लावत नव्हतो."

अंबड रोडला एका मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस हुशार, आणि त्याच्याकडे स्वतःचा स्कॅनर आहे. मी त्याला घरीच बोलावलं. तो दहाच्या सुमाराला आला, स्कॅनर लावला आणि इंजिन चालू करून दाबाचा आकडा दाखवला. गाडी उभी, रेस न देता, आकडा पाच.

"बघा मॅडम. चांगल्या फिल्टरला एवढ्यात एक पण येत नाही. फिल्टर गेलाच."

मामा खुर्चीतून उठून मागं गेले. सायलेन्सरच्या तोंडात त्यांनी करंगळी घातली, आतून फिरवली आणि बाहेर काढून उन्हात धरली. करंगळी स्वच्छ होती. त्यांनी ती धोतराला पुसली, तरी धोतरावर काही उमटलं नाही. ते पुन्हा वाकले आणि दुसरं बोट घातलं.

"ह्या नळीतनं डिझेलचा धूर जातो?"

"हो काका," मिस्त्री म्हणाला. "आता ह्या गाड्यांना काळं येत नाही. आलं तर समजायचं फिल्टर फुटला."

मामांनी तेही बोट उन्हात धरलं. "आमच्या चिमणीनं कॉलनीतलं एक धुनं पांढरं राहू दिलं न्हाई," ते म्हणाले. "बायका रोज भांडायच्या. आन् ही बया समदं पोटात ठेवून राह्यली." मग ते मिस्त्रीकडं वळले. "यू ट्यूब लागंल."

"काका, मी यूट्यूबवर सगळे व्हिडिओ पाहिलेत ह्याचे."

"व्हिडिओ न्हाई. नळी. गवंडी लेव्हल बघतेत ना पान्यानं, ती."

पारदर्शक नळी आमच्याच गल्लीत एका बांधकामावर मिळाली, चार मीटर लांब. मामांनी ती मधोमध वाकवून इंग्रजी 'यू' अक्षरासारखी केली आणि आमच्या लोखंडी गेटच्या उभ्या गजांना सुतळीनं बांधली, दोन्ही बाजू सरळ वर. त्यांचे हात पाहत होते मी. एरवी चहाची बशी धरताना थरथरणारे हात सुतळीची गाठ एका झटक्यात मारत होते. नळीत निम्म्यापर्यंत पाणी भरलं. पाणी नीट दिसावं म्हणून मी लॅबच्या पेटीतून मिथिल ऑरेंजचे थेंब टाकले. दोन्ही बाजूंना नारिंगी पाणी एका रेषेत येऊन थांबलं. मी तिथं मोजपट्टी चिकटवली.

"एका बाजूला फिल्टरच्या अलीकडची नळी जोडायची, दुसऱ्या बाजूला पलीकडची," मामा म्हणाले. "अलीकडं दाब जास्ती, तिकडचं पानी खाली दबतं, इकडचं वर चढतं. दोन्हींत किती फरक पडला ते मोजायचं. ह्याला वायर न्हाई, बॅटरी न्हाई. पानी खोटं बोलत न्हाई."

मिस्त्रीनं सेन्सरवरून दोन्ही रबरी नळ्या काढल्या. पहिली सुटली. दुसरी ओढली तशी तिच्यातून काळं पाणी ठिबकायला लागलं. मी बाटलीचं झाकण पुढं केलं. झाकण अर्धं भरलं. मामांनी वाकून त्या नळीचा रस्ता खालपर्यंत डोळ्यांनी पकडला.

"इथं बघ माय. ही नळी वरून सरळ उतरती पायजे होती. क्लिप तुटली, म्हणून मधीच खाली लोंबून राह्यली. झोळी झाली तिची. धुरात वाफ असतीच. वाफेचं पानी झालं, ते परत सायलेन्सरात उतरायच्या जागी ह्या पोटात साचलं." त्यांनी बोटानं त्या लोंबत्या भागावर टिचकी मारली. "गेजच्या नळीला पोट नसावं. कामावर लागलो त्या पहिल्याच हप्त्यात आम्हाला हे सांगितलं होतं."

झाकणातलं पाणी मला तसंच टाकून देववेना. पीएचची कागदी पट्टी त्यात बुडवली. पट्टी लालभडक झाली. इतकी लाल मी कुठल्याच विहिरीच्या पाण्यात पाहिली नव्हती. ते पाणी नव्हतंच, पातळ आम्ल होतं. "हे सेन्सरपर्यंत गेलं असेल तर त्यानं सेन्सरची काय गत केली असेल?" मी म्हटलं, आणि म्हणतानाच माझ्या लक्षात आलं की हे शोधून काढायची एक रीत मला रोजच्या कामातून माहीत आहे.

लॅबमध्ये कुठलंही मोजमाप करण्याआधी आम्ही एक कोरी चाचणी करतो. मातीचा नमुना न घालता, नुसतं शुद्ध पाणी घालून उपकरण काय दाखवतं ते बघतो. काहीच नसताना उपकरणानं काही दाखवलं, तर ती उपकरणाची चूक, आणि ती पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायची. पंधरा वर्षं मी हे रोज करते. गाडीच्या बाबतीत ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण स्क्रीनवरचा आकडा मी आकडा म्हणून नाही, निकाल म्हणून घेतला होता.

"इंजिन बंद ठेवा," मी मिस्त्रीला म्हटलं. "दोन्ही नळ्या काढलेल्याच राहू द्या. नुसती चावी फिरवून आकडा सांगा. आता सेन्सरच्या दोन्ही तोंडांना हवाच आहे. फरक शून्य आला पाहिजे."

मिस्त्रीनं चावी फिरवली आणि स्कॅनर पाहिला. "चार पॉइंट तीन."

"इंजिन बंद आहे ना?"

"बंद आहे मॅडम. फिल्टरला जोडलेलंच नाही काही."

मामांना ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की काही नसताना हा सव्वाचार सांगतोय. त्यांनी मान हलवली, पण ते खुश दिसले नाहीत. "सेन्सर खोटा हाय एवढं कळलं. फिल्टर खरा का न्हाई ते अजून कुठं कळलं? जल्दी करू नको. लाव नळ्या."

त्यांचं बरोबर होतं. सेन्सर खोटं बोलतो म्हणून फिल्टर चांगला ठरत नाही. मिस्त्रीनं दोन्ही रबरी नळ्या फुंकून कोरड्या केल्या, वर उचलून धरल्या आणि गेटवरच्या यू नळीच्या दोन टोकांना जोडल्या. मी मोजपट्टीपाशी उकिडवी बसले. मामा माझ्यामागं उभे राहिले. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं.

पाणी हललं.

आजवर मी किती तरी उपकरणं पाहिली आहेत, पण त्या सकाळचं ते हलणं मला विसरता येत नाही. एका बाजूचं नारिंगी पाणी हळूच खाली बसलं, दुसऱ्या बाजूचं तेवढंच वर आलं, आणि तिथं ते थांबलं नाही, बारीक बारीक थरथरत राहिलं. इंजिनाचा एकेक ठोका त्यात दिसत होता. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं. मिस्त्रीनं रेस दिली तशी एक बाजू सरकन वर चढली, सोडली तशी खाली आली. तो लोखंडाचा डबा, ज्याच्या आत कुणी पाहू शकत नव्हतं, जो मला इतके दिवस नुसतं एक पिवळं चित्र म्हणून माहीत होता, तो माझ्यासमोर श्वास घेत होता.

"किती?" मामांनी विचारलं.

"उभ्या गाडीला दोन्हींत सात सेंटिमीटरचा फरक. रेसला सव्वीस."

"चार बोटं आन् वीतभर. नव्या फिल्टरला किती पायजे?"

मिस्त्रीनं स्वतःच्या मोबाइलवर शोधून सांगितलं, उभ्या गाडीला एकच्या आत. मी हिशेब करून त्याला सांगितला: दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे स्कॅनरच्या भाषेत जवळजवळ एक. तेव्हा सात सेंटिमीटर म्हणजे पॉइंट सात. आणि मग तो दुसरा हिशेब आपोआप समोर आला. स्कॅनरनं आधी सांगितला होता पाच. खोटे चार पॉइंट तीन वजा केले की उरतात पॉइंट सात. वायर आणि कॉम्प्युटरकडून आलेला आकडा, आणि गवंड्याच्या नळीतल्या पाण्यानं सांगितलेला आकडा, दोन्ही एकच. मी तो कागदावर लिहून दोघांना दाखवला. मिस्त्रीनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि खिशात ठेवला. "फिल्टर बिलकुल चांगला आहे," तो म्हणाला, आणि गेटला बांधलेल्या नळीचा फोटो काढला. मग मामांना म्हणाला, "काका, तुम्ही कुठं शिकला हे?"

"शिकलो न्हाई. हेच बघत बसायचो आठ-आठ तास," मामा म्हणाले. "आमच्याकडं असली नळी भिंतीवर होती, काचेची. भट्टीतली हवा कशी ओढून राह्यली ते तिच्यावर दिसायचं. पानी नाचायला लागलं की जाळ बिघडला. लोकं जाळ बघतेत. आम्ही पानी बघायचो."

त्या दिवशी पुढचं सगळं सरळ झालं. मिस्त्रीनं नवा सेन्सर जालन्यातच मिळवला, बसवण्याआधी त्याची कोरी चाचणी माझ्यासमोर करून दाखवली, आकडा शून्य. नळीला नवी क्लिप लावली आणि मामांनी सांगितल्याप्रमाणे ती वरून खालपर्यंत उतरती बांधली. जुनं ऑइल काढलं. ते पाण्यासारखं भदभदा पडलं. असंच चालवलं असतं तर फिल्टर यायच्या आत इंजिनच बसलं असतं, असं मिस्त्री म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी केदारखेड्याला गेले आणि राजूरच्या चढावर गाडी चौथ्या गिअरमध्ये गेली.

मात्र एक गोष्ट वर्कशॉपवाल्यानं खरीच सांगितली होती. माझं फिरणं जवळजवळचं, आणि अशा गाडीला अधूनमधून लांब पळवायला हवी. मी मिस्त्रीकडून एक लहान यंत्र घेतलं. ते गाडीला लावलं की फिल्टरमधलं तापमान मोबाइलवर दिसतं. आणि आठवड्यातून एकदा गाडी लांब न्यायची ठरवली. मामांना विचारलं, येता का? ते म्हणाले, येतो. कुठं जायचं, तर म्हणाले, अंबडवरून घनसावंगी.

पहिल्या तीन खेपांना काही झालं नाही. चौथ्या खेपेला, अंबड पाच-सहा किलोमीटरवर असताना, मामांनी हातातल्या मोबाइलकडं पाहून मोठ्यानं आकडे वाचायला सुरुवात केली. "दोनशे साठ. तीनशे दहा. तीनशे ऐंशी." गाडीत काही बदललं नव्हतं. आवाज तोच, वेग तोच, बाहेर मोसंबीच्या बागा आणि रस्त्याकडेची बाभळीची खोडं. "चारशे नव्वद. पाचशे साठ." मग ते वाचायचे थांबले. "सहाशे दहा," ते अगदी हळू म्हणाले. "धरला जाळ."

अंबडला मला एका शेतकऱ्याकडून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या होत्या. मी इंडिकेटर दिला.

"थांबू नको," मामा म्हणाले. "जाळ लागल्यावर मधी सोडून जायचं न्हाई. पुरा होऊ दे."

मी इंडिकेटर बंद केला आणि अंबड मागं टाकलं. पुढची वीस मिनिटं मी गाडी एकाच वेगात ठेवली. आमच्या खाली काजळी जळत होती. गेल्या कित्येक दिवसांत मी ज्या ज्या शेताला गेले त्या सगळ्या वाटांची काजळी. मामांनी मोबाइल मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता, आणि त्यांचे ओठ आकड्यांबरोबर हलत होते. आकडा उतरायला लागला तेव्हा त्यांनी पाठ टेकली. "झालं. आता मागं फिरून घे बाटल्या."

ते पिवळं चित्र त्यानंतर लागलं नाही. ऑइल खुणेवर राहतं.

दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला. आमच्या आठवड्याच्या फेरीत मी एकदा मामांना न विचारता गाडी थेट कारखान्याच्या रस्त्याला घातली. ऊस भरलेल्या बैलगाड्यांची नि ट्रॅक्टरची रांग लागली होती. गेटवर मामांना ओळखणारं कुणी भेटेल का, ही मला शंका होती. पण बॉयलर हाऊसचा आत्ताचा ऑपरेटर त्यांना बघताच खुर्चीवरून उठला, पाया पडला आणि आम्हाला आत घेऊन गेला.

आत चार मजली उंचीचं ते धूड उभं होतं. मी मान वर करून पाहिलं, पण त्याचा शेंडा वाफेत कुठं संपतो ते कळेना. इथं ह्या माणसानं तीस वर्षं काढली होती, आणि आम्ही घरी त्यांना गोळी घेतली का विचारत होतो. ऑपरेटरनं मला निळी काच दिली आणि भट्टीच्या भिंतीतलं एक लहान झाकण उघडलं. काच डोळ्यांपुढं धरून मी आत पाहिलं. मला ज्वाळा दिसतील असं वाटलं होतं. ज्वाळा नव्हत्या. आत नुसता उजेड होता, भिंत नाही, तळ नाही; आणि उसाचा चोथा त्या उजेडात उडत येऊन खाली पडायच्या आतच नाहीसा होत होता. माझ्या कपाळाला धग लागत होती, तरी मला डोळा काढवेना.

"ऐकू येतं का?" मामांनी विचारलं. ते माझ्या बाजूला कठड्यावर तळवा टेकून उभे होते. ज्यांना घरात फोनची घंटा ऐकू येत नाही, ते मला हे विचारत होते.

मी कान दिला. प्रचंड गोंगाटाच्या खाली एक सलग, जाड घुमणं होतं. ते कानांपेक्षा पायांतून जास्त कळत होतं.

"हे बदललं की मला कॉलनीत झोपेत कळायचं," ते म्हणाले. "उठून यायचो. ड्यूटी कुनाची का असंना."

मी नवऱ्याला नंतर विचारलं. लहानपणी वडील रात्री उठून जात हे त्याला आठवत होतं. का जात, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी काच परत केली. मामा ऑपरेटरच्या टेबलाशी जाऊन त्याच्या स्क्रीनवरचे आकडे बघत होते, एकेकावर बोट ठेवून काय काय ते विचारत होते, आणि तो एकेकाचं उत्तर त्यांच्या कानाशी वाकून देत होता. मला दुपारी परत जाऊन नमुने वाळत घालायचे होते. मी बाहेर येऊन गाडीच्या सावलीत बसले आणि लॅबमध्ये फोन करून सांगितलं की आज यायला उशीर होईल.